पस्तीस टक्के

सरांच्या घरात "अहो" अशी हाक आली की ती कुणाला मारली आहे ते बाहेरच्याला कळत नसे. वहिनी सरांना अहो म्हणत, त्यात नवल नव्हतं. पण सरही वहिनींना अहोच म्हणत. लग्न झालं तेव्हा वहिनी वयानं खूपच लहान होत्या, साताऱ्याकडच्या खेड्यातून थेट नेरूळला आलेल्या. त्यांना कुणी पहिल्यांदा अहो-जाहो केलं ते सरांनी. "मी मुलांना अरे-तुरे करत नाही, तर बायकोला कशाला करू?" असं त्यांचं म्हणणं. हेही खरं होतं. चौथीतल्या पोराला शिक्षा करायची असली तरी ते म्हणत, "तुम्ही जरा मैदानाला चकरा मारा." आणि पोराबरोबर स्वतःही धावत. शिक्षा एकट्यानं भोगली की माणूस कडू होतो, हे त्यांचं शास्त्र.

अशी शास्त्रं त्यांच्याकडं पुष्कळ होती. फ्रिजचं पाणी प्यायल्यावर गुडघे रागावतात. पंख्याखाली झोपणाऱ्याची पाठ लवकर म्हातारी होते. ते आमच्या शाळेत पी. टी. शिकवायचे आणि मी मराठी. शाळा खाजगी, विनाअनुदानित. मैदानाच्या पलीकडे सारसोळे गाव आणि गावापलीकडे खाडी. वारा फिरला की सुक्या मासळीचा वास वर्गात शिरायचा, मुलं नाकं दाबायची, आणि गावातल्या मुलांचे चेहरे पडायचे. एकदा सरांनी तो प्रकार पाहिला. दुसऱ्या दिवसापासून वास आला की ते मैदानावरून मोठ्यानं म्हणायचे, "वा, भूक लागली." हळूहळू बाकीची मुलंही तसंच म्हणायला लागली.

पी. टी. चुकवण्यासाठी लंगडत येणाऱ्या मुलांशी त्यांची वेगळी रीत होती. ते अतिशय काळजीनं चौकशी करत. "कुठला पाय?" "उजवा सर." "अरेरे. बसा तिकडे." मग थोड्या वेळानं सहज जवळून जाताना, "कसा आहे आता डावा?" मूल म्हणे, "बरा आहे सर," आणि मग दोघेही हसत. त्यांनी कुणाला खोटारडा म्हटलेलं मी ऐकलं नाही. एखादं मूल खरंच आजारी असलं तर मात्र सरांना ते लांबून कळायचं. माझ्या वर्गातल्या एका मुलीला हृदयाचा त्रास आहे हे तिच्या आईबापांच्या आधी सरांनी ओळखलं होतं. ती धावून आल्यावर तिचे ओठ कसे होतात ते त्यांनी पाहिलं होतं.

स्वतःच्या बाबतीत हे डोळे चालले नाहीत. शुगर होती, ती त्यांनी बरीच वर्षं कुणाला सांगितली नाही. मग एकदा छातीत दुखलं आणि स्टेंट बसला. पंधरवड्यात ते परत मैदानावर. आम्ही सगळे म्हणत होतो, सरांना काही होत नाही.

नंतरचं मला फळ्यावर दिसलं. क्रीडादिनाची सूचना सर स्वतःच्या हातानं लिहीत. टपोरं, लांबून वाचता येईल असं अक्षर. त्या वर्षी ओळीचा पहिला शब्द तसाच होता, आणि पुढं पुढं अक्षरं आखडत जाऊन शेवटचे शब्द मुंग्यांसारखे झाले होते. मराठीची शिक्षिका असल्यानं माझं लक्ष अक्षराकडं आधी जातं. मी विचारलं, "सर, पुढं हात का आखडला?" ते म्हणाले, "खडू संपत आला होता." पुढच्या महिन्यात संचलनात त्यांचा उजवा हात हलत नाही हे मुलांच्याही लक्षात आलं. मग चेहऱ्यावरचं हसू हळूहळू थिजलं. आनंद झाला तरी ते गंभीरच दिसत. डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितला.

शाळेनं त्या वर्षाअखेर करार वाढवला नाही. शाल, श्रीफळ, मुलांनी केलेलं भेटकार्ड असं सगळं रीतसर झालं. विनाअनुदानित शाळेत पेन्शन नसतं. मुलगी लग्न होऊन कराडला, तिचंच ओढाताणीचं. वहिनींनी आजूबाजूच्या नोकरदार बायकांना पोळ्या करून द्यायला सुरुवात केली. त्यांची इमारत माझ्या शेजारची, बिनलिफ्टची, घर तिसऱ्या मजल्यावर. पोळ्यांचा डबा घेऊन वहिनी दिवसातून कितीदा चढ-उतर करत ते मला माझ्या खिडकीतून दिसायचं.

माझ्या धाकट्या बहिणीला जन्मापासून ऐकू येत नाही, त्यामुळे अपंगत्वाच्या दाखल्याचं सगळं काम मी पूर्वी केलेलं. मीच विषय काढला. चाळीस टक्के किंवा त्यावर अपंगत्व निघालं की निराधारांसाठीच्या योजनेतून दरमहा काहीतरी सुरू होतं, बसची सवलत मिळते. सर म्हणाले, "माझ्यापेक्षा गरजेची माणसं असतील, मॅडम."  दुसऱ्या दिवशी वहिनी पोळ्या द्यायच्या निमित्तानं माझ्या दारात आल्या.

"मॅडम, त्यांच्या छातीत स्प्रिंग बसवलीय. त्याचं मिळंल ना?"

"हृदयाचं नाही वहिनी. ते यादीत नाही."

"आन् शुगर? पायाला मुंग्या येत्यात, चप्पल निसटलेली कळत नाही त्यांना."

"शुगरचंही नाही. पार्किन्सनचं आहे. पण नुसता आजार असून भागत नाही, त्यानं माणूस किती अडतो ते बोर्डाचे डॉक्टर तपासून ठरवतात."

त्या दाराच्या चौकटीला हात लावून उभ्या राहिल्या. "मग बाकीचं एवढं सोसलं, ते कशात धरायचं?" असं म्हणाल्या. 

सरांना शेवटी त्यांनीच तयार केलं. ऑनलाइन अर्ज मी भरला. तपासणीच्या दिवशी आम्ही तिघं सरकारी रुग्णालयात गेलो. सर दाढी करून, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. बाहेरच्या व्हरांड्यात ही गर्दी. रांग अशी नव्हतीच. दारापाशी सगळे एकमेकांवर रेलून उभे. कुबड्यावाले मागं, धडधाकट नातेवाईक पुढं. सरांनी एक मिनिट ते पाहिलं आणि मग त्यांना राहवलं नाही.

"एक मिनिट सगळे ऐका," ते म्हणाले. आवाज पूर्वीइतका चढत नव्हता, पण त्या सुरात काहीतरी होतं, लोक वळले. सरांनी त्यांना नंबराप्रमाणं भिंतीकडेनं लावलं. बाकं कुणाकडून तरी सरकवून घेतली. ज्यांना उभं राहता येत नाही त्यांना बसवलं. मांडीवर मोठा मुलगा घेऊन बसलेल्या एका बाईला पुढं काढलं, त्यावर कुणी कुरकुर केली तर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमचा नंबर कुठं जात नाही, राव." वाशीच्या मार्केटात पोती उचलणारा एक माणूस रांगेत होता, सरांच्याच मुलखातला. त्याचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस चाललेलं. तो सरांना सांगत होता, "दोनी किडन्या गेल्या. पाठीवर वझं घेता येत न्हाई. तरी म्हणत्यात यादीत बसत न्हाई. हातपाय तर चालत्यात म्हणं." सर त्याच्या शेजारी बराच वेळ बसून राहिले. तपासणीच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं आणि आतल्या डॉक्टरबाई मधूनमधून बाहेर बघत होत्या.

आत गेल्यावर त्यांनी सरांना चालायला लावलं. सर चालले. खुर्चीतून उठा म्हटलं, उठले. बोटं मिटा-उघडा, शर्टाचं बटण लावा, एक वाक्य लिहा. सगळं झालं, थोडं हळू, पण झालं. शेवटी सरांनी मैदानावरच्या सवयीनं डॉक्टरांना आपणहून ओणवं होऊन पायाचे अंगठे धरून दाखवले. मी मान फिरवली.

पस्तीस टक्के लिहून आले.

दाखला देणाऱ्या क्लार्कला सर म्हणाले, "आमच्या शाळेत पस्तीसला पास करतात."

क्लार्क बिचारा हसला. "इथं चाळीस लागतात, सर."

परत येताना रिक्षा शाळेच्या वळणावर आली आणि पार्किन्सनसाठी सकाळी घेतलेल्या गोळीचा अंमल उतरला. तो उतरायला लागला की मिनिटांत उतरत असे. हात थरथरायला लागला, मान खाली गेली, तोंडाच्या कडेनं लाळ यायला लागली. इमारतीशी रिक्षा थांबली तेव्हा सरांना पाय बाहेर टाकता येईना. रिक्षावाला सारसोळ्याचा, त्याची मुलगी सरांच्या हाताखाली कबड्डी खेळलेली. तो खाली उतरून सरांच्या समोर उकिडवा बसला.

"सर, घाई नाय. मी हाय ना इथं. पाय कंचा येतो ते सांगा, तो धरतो."

वर चढायला त्यांना तास गेला असेल. डॉक्टरांनी पाहायला हवं होतं ते हे. आणि पाहिलं रिक्षावाल्यानं.

शेजारपाजारच्यांनी सरांना फार बोलून घेतलं. गोळी घेऊन कशाला गेलात? लोक सोंगं करून दाखले मिळवतात आणि तुम्ही चांगला मिळणारा घालवलात. एवढा ताठा कशाला? मीही बोलले. सर शांतपणे म्हणाले, "परीक्षेला जाताना माणूस आंघोळ करून जातो ना, मॅडम."  सगळ्यांनी ठरवून टाकलं की सर मानी आहेत आणि वहिनींचे हाल त्या मानापायी चाललेत.  वहिनी खाली मान घालून पोळ्या लाटत राहिल्या.

पुढचं वर्ष वाईट गेलं. सर जिन्यात पडले. मनगट मोडलं, ते नीट जुळलं नाही. गोळ्या वाढल्या तसा त्यांचा अंमल कमी वेळ टिकायला लागला. बोलणं पुटपुटल्यासारखं झालं, समोरच्यानं वाकून कान द्यावा लागे. वहिनींना पोळ्यांच्या ऑर्डरी कमी कराव्या लागल्या, कारण सरांना घरात एकटं ठेवता येईना. घरभाडं मुलगी पाठवायची, आणि जावई त्यावरून तिला बोलायचा, हे वहिनींनी मला एकदा मेथी निवडताना सांगितलं.

आजार वाढला म्हणून पुन्हा तपासणीसाठी अर्ज करता येतो. मी सरांच्या डॉक्टरांना विचारून आले. ते म्हणाले, सकाळची गोळी तपासणी झाल्याबरोबर दिली तर चालेल, बरोबर न्या. मग मी सरांच्या घरी जाऊन बसले. माझी भाषणाची तयारी होती. गोळी घेतल्यावर तुम्ही जसे दिसता तो तुमचा दिवसातला थोडा वेळ आहे, बाकीचा दिवस डॉक्टरांना दिसलाच पाहिजे, त्यात खोटं काही नाही, असं बरंच बोलले. सरांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मला चालेल." आणि स्वयंपाकघराच्या दाराकडं डोळे वळवून, "यांना चालेल का, विचारा."

मला वाटलं, नेहमीसारखं विषय टाळतायत. वहिनी दारात उभ्या होत्या. पदराला हात पुसून म्हणाल्या, "चालंल."

त्या दिवशी सरांना खुर्चीत बसवून रिक्षावाल्यानं आणि शेजारच्या एकानं खाली आणलं. रुग्णालयात पोचलो तेव्हा सरांचं अंग लाकडासारखं झालेलं. चाकाची खुर्ची मागितली तर ती दुसऱ्या पेशंटला गेलेली. व्हरांडा आम्ही कसाबसा पार केला. डॉक्टरांच्या खोलीच्या उंबरठ्यापाशी सर थांबले ते थांबलेच. पाय जमिनीला चिकटले. या आजारात असं होतं, दार आलं की पाय अडतात. मागून लोक दाटले. कुणीतरी म्हणालं, "चला ना काका, पुढं सरका." सरांच्या कपाळाला घाम फुटला होता आणि पाऊल उचलत नव्हतं.

वहिनींना मी कधी मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं. बाजारात भाजीवालीशीसुद्धा त्या हळू बोलत. त्या सरांच्या शेजारी आल्या, त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "एक, दोन. एक, दोन." पहिल्यांदा आवाज फाटला. मग नीट लागला. "एक, दोन. एक." मागून दाटलेले लोक दोन पावलं मागं सरकले. सरांचा डावा पाय हलला. मग उजवा. घरी हे त्या रोज करत असणार, बाथरूमच्या दारात, गॅलरीच्या दारात. आम्हाला ते कधी माहीत नव्हतं. दोघं तसेच ताल धरून आत गेले.

डॉक्टर त्याच होत्या. त्यांनी सरांना ओळखलं. "तुम्हीच ना, मागच्या वेळी रांग लावली होती?"

सरांनी मान हलवली.

बटण लागलं नाही. खुर्चीतून तीनदा प्रयत्न करूनही उठता आलं नाही. लिहायला सांगितलं तेव्हा नावाचं पहिलं अक्षर उमटलं आणि पुढं नुसती रेघ गेली. डॉक्टरबाईंनी तो कागद स्वतःकडं ओढला. "मला जे दिसतं तेच मी लिहू शकते, सर. मागच्या वेळीही तेच केलं होतं." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. सर काहीतरी म्हणाले. डॉक्टरांना ते ऐकू गेलं नाही, म्हणून मी वाकले आणि सांगितलं, "ते म्हणतायत, तुमचं चुकलं नाही."

टक्के आता साठाच्या पुढं गेले. डॉक्टरांनी स्वतः पाण्याचा ग्लास पुढं केला आणि वहिनींनी तिथंच गोळी दिली. निम्मं पाणी शर्टावर सांडलं.

दाखला मिळाल्याचा आनंद कसा करायचा असतो? घरी आल्यावर मी पेढे आणावेत का, असा विचार माझ्या मनात आला होता. आणले नाहीत ते बरं झालं. 

पुढं पंधराएक दिवसांनी वहिनी माझ्याकडं आल्या. चहा घेतला. कप खाली ठेवून म्हणाल्या, "मॅडम, एक सांगायचं राहिलंय. त्या पहिल्या येळी गोळी मी दिली होती."

"म्हणजे?"

"ते नको म्हणत होते. म्हणाले, आहे तसाच जातो, डॉक्टरला खरं दिसू दे. मीच ऐकलं नाही. शर्टाला इस्त्री मी केली. एवढ्या लोकांत त्यांच्या तोंडातनं लाळ गळणार, कुणीतरी बघणार, हसणार... आमच्या गावात त्यांच्याकडं बघायला माणसं थांबायची, मॅडम. मला बघवलं नसतं ते. रडून-भांडून दिली मी गोळी." त्यांनी कप बाजूला सारला. "मग तुमी सगळे बोलायला लागलात त्यांना. मी म्हणलं, मी सांगते खरं काय ते. तर मला म्हणाले, तुम्ही काही बोलायचं नाही. मला मानी म्हणतायत, म्हणू द्या. तेवढं मला पेलतं."

वर्षभर ते आम्हा सगळ्यांचं ऐकून घेत राहिले. मी वहिनींचा हात धरला.

सर त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. गिळायला त्रास व्हायला लागला, छातीत कफ धरला आणि एका सकाळी गेले. मैदानावरची, आता मोठी झालेली कितीतरी मुलं आली होती. सारसोळ्याहून तर घरंच्या घरं आली. सगळे त्यांच्या धावण्याबद्दल बोलत होते, त्यांच्या आवाजाबद्दल. मला मात्र सर म्हटलं की धावणारे आठवत नाहीत. मला आठवते ती त्याआधीच्या हिवाळ्यातली एक दुपार.

वहिनींच्या बहिणीच्या नातवाचं बारसं होतं, खांदेश्वरला. सरांचं अपंगत्वाचं कार्ड नुकतंच आलं होतं. सर म्हणाले, बसनं जाऊ. गोळीची वेळ बघून आम्ही निघालो, मीही बरोबर. महापालिकेची बस, बरीच भरलेली. कंडक्टरनं हात देऊन सरांना वर घेतलं. अपंगांसाठी राखीव लिहिलेल्या सीटवर एक तरुण मुलगा कानात इयरफोन घालून, डोळे मिटून बसला होता. वहिनी पुढं होऊन त्याला काही सांगणार, तेवढ्यात सरांनी त्यांच्या दंडाला हात लावून थांबवलं. मला वाटलं, आता हे तसेच उभे राहणार आणि पुढच्या स्टॉपला पडणार.

सरांनी शर्टाच्या खिशात हात घातला. बोटं खिशात अडली, कार्ड निघेना. ड्रायव्हरनं ब्रेक मारला तसे ते माझ्यावर कलले. पुन्हा हात घातला. कार्ड बाहेर आलं. त्यांनी ते त्या मुलाच्या डोळ्यांसमोर धरलं. हात एवढा हलत होता की त्यावरचं काही वाचता आलं नसतं. मुलानं डोळे उघडले, इयरफोन काढला.

"दादा," सर म्हणाले, "तुम्ही जरा उठाल का? मला लागते आहे ही जागा."

मुलाला पहिल्यांदा ऐकू आलं नाही. "काय काका?"

सरांनी श्वास घेतला आणि तेच वाक्य पुन्हा, होता नव्हता तेवढा आवाज काढून म्हटलं. आजूबाजूच्या सगळ्यांनी वळून पाहिलं. मुलगा एकदम उठला. "सॉरी काका, बसा, बसा ना." त्यानं सरांना धरून बसवलं आणि लाजून मागं निघून गेला.

सर बसले. त्यांचा चेहरा नेहमीसारखाच थिजलेला, पण डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तोंडाच्या कडेनं लाळ हनुवटीवर उतरली होती. समोरच्या सीटवरच्या दोन बायका बघत होत्या. वहिनींनी त्यांच्याकडं एकदा पाहिलं. मग पदराचं टोक घेऊन सगळ्या बसच्या देखत सरांचे डोळे पुसले, हनुवटी पुसली, आणि पदर तसाच हातात ठेवून खांदेश्वर येईपर्यंत त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या.